वाकळीचा इतिहास कोणी लिहावा?

सेमिनरीत आम्हाला इतिहास शिकविला गेला तो पोपमहोदयांच्या, धर्मपरिषदांच्या आणि राजेमहाराजांच्या कारकिर्दींच्या क्रमाने. ट्रेंटची परिषद १५४५ ला सुरू झाली आणि १५६३ ला संपली, हे आजही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. इतिहासाची साधने म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि पत्रव्यवहार, असे आमच्या वहीत लिहिलेले होते. अंगावरचे पांघरूण हेही इतिहासाचे साधन असू शकते, असे मात्र कोणी सांगितले नाही. तो धडा मला गडचिरोली जिल्ह्यातील एका टोल्यावर, पौषातल्या एका पहाटे मिळाला.

या वनप्रदेशात माझी नेमणूक झाली त्याचा तो पहिलाच हिवाळा होता. कुरखेडा तालुक्यातील त्या टोल्यावर एका रुग्णाला तैलाभ्यंग देण्यासाठी गेलो होतो. परतायला रात्र झाली, नाल्यापलीकडची वाट अंधारात सापडेना, म्हणून त्याच घरी मुक्काम केला. घरधनिणीने पेटीच्या तळातून एक वाकळ काढून माझ्या अंगावर घातली. तिला चुलीच्या धुराचा वास होता आणि वजन इतके होते की कूस बदलताना प्रयत्न करावा लागे. पहाटे उजेडात पाहतो तो मधोमध लाल काठाची एक पट्टी, तिच्या बाजूला धोतराचा पांढरा तुकडा, एका कोपऱ्यात खाकी चौकोन आणि खालच्या अंगाला पिठाच्या पोत्यावरची अर्धवट पुसलेली अक्षरे. मी सहज विचारले आणि त्या माउलीने बोट ठेवून सांगायला सुरुवात केली. लाल काठ सासूच्या लुगड्याचा, ती जाऊन बारा वर्षे झाली. धोतर सासऱ्याचे. खाकी तुकडा जंगलखात्यात रोजंदारीवर असलेल्या दिराच्या सदऱ्याचा. पिठाचे पोते दुष्काळी कामावर मिळाले होते. एका घराण्याच्या तीन पिढ्या माझ्या अंगावर होत्या आणि त्यातले एकही नाव आमच्या धर्मग्रामाच्या नोंदवहीत नव्हते. ते लोक ख्रिस्ती होण्याआधीच वारले होते.

त्या दिवसापासून मी जिथे जाईन तिथे वाकळा पाहू लागलो. हा लेख त्या पाहण्यातून आणि थोड्याशा वाचनातून झाला आहे.

प्रथम शब्दांविषयी. पश्चिम महाराष्ट्रात ‘गोधडी’ अधिक रूढ आहे, तर इकडे झाडीपट्टीत वाकळ आणि गोधडी असे दोन्ही शब्द ऐकू येतात. संस्कृतात फाटक्या वस्त्रांच्या शिवलेल्या पांघरुणाला ‘कंथा’ म्हणत. बंगालमधील प्रसिद्ध ‘कांथा’ त्याच शब्दाचे रूप. शब्द जुना आहे आणि त्याच्यामागची वृत्ती त्याहून जुनी. बौद्धांच्या विनयपिटकात अशी कथा आहे की, मगध देशातील बांधाबांधांनी विभागलेली भातशेते पाहून भगवान बुद्धांनी आनंदाला भिक्षूंची चीवरे तशीच तुकडे जोडून शिवता येतील का असे विचारले आणि आनंदाने तसा नमुना बेतून दिला. झाडीपट्टीत राहणाऱ्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. नागभीडहून ब्रह्मपुरीकडे जाताना भाताच्या बांध्या पाहाव्यात, जमिनीवर कोणी वाकळ अंथरली आहे असेच वाटते. याच चांद्यात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांना धम्मदीक्षा दिली. दीक्षा घेणाऱ्यांपैकी अनेकांचे वाडवडील हातमागावर जाडेभरडे कापड विणणारे होते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात मध्य प्रांतातील महार विणकरांचा उल्लेख येतो. गावातल्या गरिबाची वाकळ ज्या कापडाची होई, ते विणणारे हात हेच.

विदर्भात वाकळीचा विषय निघाला की गाडगेबाबांची आठवण होणारच. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी जानोरकर १९०५ साली घर सोडून निघाले, ते आयुष्यभर ठिगळांचे वस्त्र अंगावर घेऊन हिंडले. लोक त्यांना ‘गोधडे महाराज’, ‘चिंधेबुवा’ म्हणत. ज्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे कपडे धुतले, त्याने स्वतः चिंध्या पांघराव्यात यात केवळ वैराग्य नव्हते. भोवतालचा समाज काय पांघरतो ते त्याने अंगावर वागविले, असे मला वाटते. बाबांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या अंगावरच्या ठिगळांना टाके कोणी घातले, याची चौकशी मात्र माझ्या वाचनात कोठे आली नाही.

आता ही वाकळ होते कशी, ते जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या घरांतील तरुण मुलींनाही हे आता पाहायला मिळत नाही. गादी आणि रजई यांत पिंजलेला कापूस असतो, त्यासाठी पिंजारी लागतो आणि पिंजाऱ्याला पैसे द्यावे लागतात. वाकळीत कापूस नसतो. जुन्या कापडाचे थर एकावर एक रचून ते टाक्यांनी एकजीव करायचे, एवढाच तिचा मंत्र. वरचे आणि खालचे कापड अंगाला लागणार म्हणून जुने मऊ लुगडे त्यासाठी राखून ठेवतात. मधल्या थरांत धोतरे, सदरे, परकर, पोती, जे असेल ते उसवून पसरतात. सारवलेल्या अंगणात खालचे कापड ताणून अंथरतात आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवतात. मग सुरकुती पडू न देता थर घालायचे, जिथे पातळ वाटेल तिथे आणखी एक तुकडा टाकायचा, आणि मोठ्या धावदोऱ्याने सगळे तात्पुरते बांधून घ्यायचे. यानंतर खरी शिवण सुरू होते. बाई वाकळीवरच बसते आणि कडेने शिवत शिवत आत सरकते, किंवा एका टोकापासून ओळी धरते. टाका लहान, दोन ओळींत दोन बोटांचे अंतर. पट्टी नाही, खडू नाही. एकटीने दुपारच्या वेळात शिवली तर तीन आठवडे सहज जातात, चौघी बसल्या तर चार-पाच दिवस.

एक बारकावा मला फार उशिरा कळला. एकदा मी हौसेने नवे कोरे मांजरपाट नेऊन दिले. एका वृद्ध बाईने ते हातात घेतले, चुरगाळून पाहिले आणि बाजूला ठेवले.

“हे नाही चालत जी फादर. धुतल्यावर हे आटते अन् जुन्याले ओढून फाडते.”

मी चपापलो. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ कोणी लावीत नाही, हा दाखला मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. त्यावर मी किती प्रवचने दिली असतील! नवा करार आणि जुना करार यांविषयी बोललो, पण कापड आटते म्हणून जुने फाटते, हे त्यामागचे साधे कारण मी कधी नीट पाहिले नव्हते. प्रभूचे श्रोते ते जाणत होते, कारण त्यांच्या घरी कोणीतरी ठिगळे लावीत होते. अक्षरशत्रू असलेल्या त्या बाईला भाष्याची गरज पडली नाही.

शिवणीचा हंगामही ठरलेला असे. धानाची कापणी आणि मळणी आटोपली की पौष-माघात थोडी सवड मिळते. फाल्गुन सरता सरता मोहफुले वेचायला पहाटे जंगलात जावे लागते, त्यामागून तेंदूपत्ता येतो, मग पाऊस. मधल्या या दीड-दोन महिन्यांत वाकळा होत. याच काळात झाडीपट्टीत दंडारी आणि नाटके रात्र रात्र चालतात आणि बायामुले वाकळा घेऊनच नाटकाला जातात. नवी वाकळ पहिल्यांदा दहाजणींच्या नजरेस पडते ती तेथे. कोणाची शिवण सरळ, कोणाची वाकडी, याची चर्चा नाटकापेक्षाही रंगते, हे मी स्वतः ऐकले आहे.

या कलेचे वय मोजायचे तर कापडाचा इतिहास पाहावा लागेल. हातमागाचे लुगडे महाग आणि टिकाऊ, ते विरून चिंध्या होईपर्यंत नेसले जाई. गरिबाघरी चिंध्यासुद्धा मोजक्याच असत. १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, हिंगणघाटलाही गिरण्या निघाल्या. वरोऱ्याच्या कोळशासाठी १८७० च्या दशकात वर्ध्याहून लोहमार्ग आला आणि त्याच वाटेने गिरणीचे स्वस्त कापड चांद्याच्या बाजारात पोहोचले. कोष्ट्यांचे माग बसले, हा या गोष्टीचा दुःखद भाग. पण स्वस्त लुगडी लवकर जुनी होऊ लागली आणि घरोघरी वाकळीला कापड मिळू लागले, हाही त्याच गोष्टीचा भाग आहे. विणकराच्या हातातली कला गेली, त्याच वेळी त्याच्या बायकोच्या सुईला काम वाढले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडावर नियंत्रण आले आणि पुन्हा टंचाई झाली. त्या वेळी वाकळ उसवून तिच्यातले बरे कापड मुलांना घातल्याच्या आठवणी म्हाताऱ्या माणसांकडून मी ऐकल्या आहेत.

दक्षिणेकडे भामरागड-एटापल्लीच्या बाजूला चित्र निराळे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला, त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाचा. तेथील माडिया गोंड बांधवांच्या घरी जुने कापडच नव्हते, तर वाकळ कोठून येणार? थंडीत शेकोटीच्या कडेला झोपायचे, ही त्यांची रीत. झोपेत लेकरू विस्तवावर लोळले तर काय होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याचे वर्णन येथे करीत नाही. वाकळीला केवळ सौंदर्यवस्तू म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की या प्रदेशात ती असणे आणि नसणे यांत एका कोवळ्या देहाचा फरक पडतो.

आता आपल्या घरची गोष्ट, म्हणजे ख्रिस्तसभेची. चांदा हे १९६२ साली नागपूर महाधर्मप्रांतातून वेगळे होऊन सिरो-मलबार मिशनक्षेत्र झाले आणि १९७७ मध्ये धर्मप्रांताच्या पदाला पोहोचले. बल्लारपूरला त्याचे पीठ आहे. येथील धर्मभगिनींनी शाळा आणि दवाखाने यांच्याबरोबर शिवणवर्गही चालविले. भारतातील मिशनांची ही परंपराच आहे. सिरोंच्याला जी गोदावरी आपण पाहतो, तिच्याच मुखाशी आंध्रातील नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्त्रियांनी क्रोशाची लेस विणायला शिकविली. पुढे तो हजारो स्त्रियांचा घरबसल्या धंदा झाला आणि त्यातल्या तुटपुंज्या मजुरीवर मारिया मीस या विदुषीने १९८२ साली ग्रंथ लिहिला. आमच्या शिवणवर्गांतून मुली झबली, परकर, मेजावरचे रुमाल शिवायला शिकल्या. अनेकींच्या चुली त्यावर पेटल्या, म्हणून मी त्या वर्गांना नावे ठेवणार नाही. परंतु जिच्या घरी आई इतका सुंदर टाका घालीत होती, त्या मुलीला आम्ही साखळीटाका आणि गहूटाका शिकविला आणि आईचा टाका अभ्यासक्रमात घेतला नाही. आईला कोणी वर्गात बोलाविले नाही. तिला येते ती ‘कला’ आहे, हे आमच्या मनातच आले नाही.

माझी स्वतःची चूक याहून मोठी. एका मदतसंस्थेकडून ब्लँकेटांचे गठ्ठे येत. तीन हिवाळे मी ती ब्लँकेटे टोल्याटोल्यांवर वाटली, याद्या केल्या, सह्या घेतल्या, अहवाल पाठविले. गंमत अशी की ती करडी ब्लँकेटेही चिंध्यांचीच होती. पाश्चात्त्य देशांतील टाकाऊ लोकरी कपडे पानिपतला येतात, तेथे ते पिंजून पुन्हा सूत काढतात आणि मदतकार्याची ब्लँकेटे पुष्कळदा त्याच सुताची असतात, हे मला नंतर समजले. तिसऱ्या वर्षी वाटप आटोपून बसलो असता तीच मांजरपाट नाकारणारी आजी म्हणाली, “ब्लँकेटीनं ऊब तं आली जी फादर, पण आमचं दुपारचं बसणं मोडलं.” मी काही उत्तर दिले नाही. परतताना मोजत गेलो. त्या वर्षी सात टोल्यांपैकी फक्त एका अंगणात मला शिवायला बसलेल्या बाया दिसल्या होत्या. त्या बसण्यात सासरी आलेल्या नव्या मुलीला चार शब्द बोलायला मिळत. कोणाच्या घरी धान्य संपले, कोणाचा नवरा हात उचलतो, हे तेथे कळे. माझ्या यादीत ब्लँकेटांचा हिशेब पक्का होता, पण त्या बसण्याला रकानाच नव्हता.

प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो गावच्या टबीथेची, म्हणजे दुर्कसेची हकिगत आहे. ती वारली तेव्हा पेत्राला बोलाविण्यात आले आणि विधवांनी रडत रडत तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखविली. सबंध नव्या करारात एखाद्या स्त्रीच्या शिवणाला साक्षीदार म्हणून पुढे केल्याचा हा एकच प्रसंग मला आठवतो. त्या विधवांना इतिहासाची साधने कोणती, हे आमच्या प्राध्यापकांपेक्षा चांगले ठाऊक होते.

आपल्या शेजारी याचे एक जिवंत उदाहरण आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आणि पुढे रानात निसटलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि आपल्यासारखे कॅथोलिकही आहेत. त्यांच्या स्त्रिया शिवतात त्या गोधडीला ‘कवंदी’ म्हणतात. ती कडेकडेने शिवत मध्याकडे नेतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांत घडी घातलेले त्रिकोणी तुकडे बसवितात. त्यांना ‘फुला’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. कॅथोलिक घरांतील काही कवंद्यांवर क्रूस असतो. अमेरिकन कलाभ्यासक हेन्री जॉन ड्रेवाल यांनी त्या जगापुढे आणल्या आणि आज त्या संग्रहालयांत लागतात.

अमेरिकेतही अलाबामा राज्यात १९६५ च्या डिसेंबरात फ्रान्सिस एक्स. वॉल्टर या एपिस्कोपल धर्मगुरूंना रस्त्याने जाताना एका कृष्णवर्णीय शेतमजुराच्या घरापुढे दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या. नागरी हक्कांच्या चळवळीत भाग घेतल्याबद्दल त्या लोकांच्या जमिनी आणि कामे हिरावली जात होती. १९६६ साली त्या स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली. त्याच परगण्यातील जीज बेंड गावच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टन व न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या आणि २००६ साली टपाल तिकिटांवर आल्या. हे वाचले तेव्हा मला जरा लाजच वाटली. वॉल्टर यांनी दोरीवरची गोधडी एकदा पाहिली आणि ते थांबले. मी तीन हिवाळे त्या दोऱ्यांखालून वाकून गेलो होतो.

चौथ्या वर्षी ब्लँकेटे फक्त म्हातारे, आजारी आणि बाळंतिणी यांनाच द्यायची असे ठरविले. यावर कुरबूर झाली आणि ती रास्त होती. मिळणारी वस्तू बंद करणे सोपे नसते. धर्मग्रामाच्या सभागृहात मंगळवारी दुपारी आजीला बसविले आणि जिला यायचे तिने यावे असे मिस्सानंतर जाहीर केले. पहिल्या मंगळवारी तिघी आल्या. ख्रिस्ती एकच होती, बाकीच्या दोघी शेजारच्या. आता बारा-पंधराजणी येतात. त्यात शिवणवर्गातून मशीन शिकलेल्या मुली आहेत आणि त्यांचे व आजीचे वाद होतात. मुलींचे म्हणणे, सुती लुगडी आता कोण नेसते? घरोघरी सिंथेटिक साड्या. त्या घसरतात, घाम शोषीत नाहीत, धुऊन धुऊन मऊ होत नाहीत आणि विस्तवाची ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतात. आजी त्या हातातही धरीत नसे. शेवटी तोडगा निघाला तो असा की आत साड्या घालाव्यात, पण वर-खाली सुतीच कापड हवे, आणि ते आधी तीन वेळा धुतलेले. चर्चच्या जुन्या चादरी आणि वेदीवरचे अस्तर यासाठी मागितले गेले. वेदीचे कापड द्यावे की नाही यावर मी दोन दिवस विचार केला आणि आशीर्वादित वस्त्रे वगळून बाकीचे दिले.

शहरातील एका दुकानदाराने येऊन सर्व वाकळा विकत घेण्याची तयारी दाखविली. भाव बरा होता. बाया आपसांत बोलल्या आणि त्यांनी अर्ध्याच दिल्या. उरलेल्यांतून गावात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला, मग ते कोणाचेही असो, एक लहान दुपटे जाते. त्याची वही मुलींपैकी एक ठेवते. बाळाच्या नावापुढे कोणत्या घरचे कापड आहे तेही ती लिहिते. ही वही धर्मग्रामाच्या कपाटात ठेवावी, असे मी सुचविले. ती म्हणाली, “नाही जी फादर, आमच्यापाशीच राहू द्या. रोज लागते.”

गेल्या नाताळाआधी मीही एका दुपट्याला दोन ओळी घातल्या. आजीने चष्मा सरकवून पाहिले, काही बोलली नाही. संध्याकाळी सभागृहाला कुलूप लावायला गेलो तेव्हा दोन्ही ओळी उसवून तिथे बारीक टाके घातलेले होते आणि माझा दोरा नीट गुंडाळून खिडकीत ठेवला होता.